देवा निनाव्याचं उपरणं

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचा आवाज मोठा करत आलो. माझा आवाज लोकांनी ऐकला तो "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" एवढ्यापुरताच. आता या दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, वामनभाऊ, तुमच्या धंद्यातलं काही लिहा. म्हटलं, लिहिण्यासारखी एकच गोष्ट आहे, पण ती छापली तर नागपुरातली चाळीस-पन्नास म्हातारी माणसं काठ्या घेऊन माझ्या दारात उभी राहतील. संपादक म्हणाले, मग तीच लिहा. यांचं काय जातं!

आधी धंदा सांगतो. नागपुरात सक्करदऱ्याला माझं दुकान होतं. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, दोन माइक, तवे वाजवायचं मशीन आणि एक हातगाडी. तवे म्हणजे काळ्या रेकॉर्डी, एका बाजूला तीन मिनिटं गाणं. अॅम्प्लिफायर जुन्या वाल्वचा, चालू केला की असा तापायचा की हिवाळ्यातल्या सभेत अध्यक्ष आपली खुर्ची हळूहळू त्याच्याकडे सरकवत आणायचे. सकाळी सत्यनारायण, दुपारी लग्न, संध्याकाळी सभा. आज या पक्षाची, उद्या त्याच मैदानात त्याच माइकवर दुसऱ्या पक्षाची. एका पुढाऱ्यानं तर माइक हातात घ्यायचंच नाकारलं. "याच्यावर काल तो बोलला, मी थुंकीले तोंड लावू का?" मी माइक मागे नेला, त्याला खिशातला लाल रुमाल गुंडाळला आणि "नवा आणला साहेब" म्हणून पुढे केला. दोन तास बोलले. जरीपटका भागातल्या एका कापडवाल्यानं पोरीच्या लग्नात दोन्ही भोंगे मंडपाकडे पाठ करून समोरच्या भाऊबंदाच्या दुकानाकडे लावायला लावले. मंडपात कोणाला काही ऐकू आलं नाही, समोरच्यानं मात्र तीन दिवस दुकान उघडलं नाही. मी दोघांनाही नमस्कार केला. भोंगेवाल्यानं मत ठेवायचं नसतं, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम, चालू कार्यक्रमात आवाज कधी बंद करायचा नाही. आणि तिसरी गोष्ट नियम नाही, धंद्याचं गुपित आहे. सभेला गर्दी पुढारी जमवत नाहीत. पुढारी तर दोन तास उशिरा येतात. गर्दी जमवतो तवा. पहिला तवा चांगला लागला की बायका पोळ्या टाकता टाकता दारात येतात, माणसं चप्पल घालतात, आणि एकदा चप्पल घातली की माणूस मैदानापर्यंत येतोच.

माझा पहिला तवा ठरलेला होता. नवी सुई लावायची, अॅम्प्लिफायरला उदबत्ती ओवाळायची आणि रमाकांत केळशीकरांचं नावाड्याचं गाणं लावायचं. केळशीकर म्हणजे त्या काळातलं केवढं नाव! मूळचे कोकणातले, राहायला पुण्याला. हे गाणं घराघरात होतं. शेवटच्या ओळीआधी बुवा एक श्वास घ्यायचे, तो श्वाससुद्धा तव्यात उतरला होता. लाखभर तवे ऐकले असतील मी, पण तो श्वास आला की आजही माझा हात पान्यावरच थांबतो. खरं सांगायचं तर तो आवाज मोठा करायला मिळावा म्हणूनच मी या धंद्यात पडलो.

आणि याच केळशीकरबुवांनी घोळ घातला.

साठीचं दशक सरत आलं होतं. वेगळ्या विदर्भाची चळवळ जोरात होती. पुण्याच्या कुठल्याशा सत्कारात बुवा गाण्याआधी दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "वेगळा विदर्भ म्हणजे संत्र्याची एक फोड काढायची आणि तिला संत्रं म्हणायचं!" तिकडे हशा पिकला. इकडे दुसऱ्या दिवशी पेपरात आलं आणि नागपूर पेटलं. मी पण वेगळ्या विदर्भाचाच. ज्याच्या तव्याला रोज उदबत्ती ओवाळली, तो माणूस मला फोड म्हणाला! पोट्ट्यांनी, म्हणजे आमच्या पोरांनी, बुवांना पोस्टानं संत्र्याच्या सोललेल्या फोडी पाठवायचा सपाटा लावला. आमचा पोस्टमन दोन्ही हात लांब धरून चालायचा, त्याची सगळी पत्रं चिकट.

आमच्या भागातल्या चळवळीचे पुढारी दादाजी ठवरे. उंच, मिशाळ, आवाज असा की त्यांना माइक देणं म्हणजे विजेची नासाडी. हे दादाजी केळशीकरांचे सगळ्यात मोठे भक्त होते, वीस वर्षांचे. पहिल्या रांगेत बसून रडायचे. त्यांना तर घरातल्या माणसानं लाथ मारल्यासारखं झालं. चौकात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून नागपुरात केळशीकर बंद! ज्याच्या भोंग्यातून त्याचा आवाज निंघीन, त्याचे भोंगे विहिरीत!" त्यांनी स्वतःचे अकरा तवे तिथंच दगडावर आपटले. प्रत्येक तव्याला आधी नाव वाचायचे, मग डोळे मिटायचे, मग आपटायचे.

मी माझा तवा तांदळाच्या डब्यात लपवला.

आठ दिवसांनी दादाजींचीच सभा आली. भोंगे माझे. शहनाई लावली, कोणी फिरकलं नाही. बँड लावला, तीन कुत्री आली. सहा वाजले तरी मैदानात चाळीस माणसं, त्यात बारा पोलीस आणि चणेवाले वेगळे. दादाजी मागे तंबूत फेऱ्या घालत होते. मला घाम फुटला. आणि मग जे झालं ते मी केलं नाही, माझ्या हातानं केलं. मी सुई बदलली. आणि नवी सुई लावली की पुढे काय करायचं हे दहा वर्षांत हाताला पाठ झालेलं. सामान भरताना तांदळाच्या डब्यातला तवाही सवयीनं तव्यांच्या पेटीत आलाच होता. मी भानावर आलो तोवर भोंग्यातून नावाडी निघाला होता!

पहिल्याच ओळीला आजूबाजूच्या घरांचे दरवाजे उघडले. आठ दिवसांचे उपाशी लोक, राजेहो! बायका आल्या, म्हातारे आले, एकजण तर दाढीला साबण लावलेला तसाच आला. मैदान भरलं. आणि तंबूचा पडदा फाडल्यासारखा बाजूला करून दादाजी बाहेर आले, मागे वीस-पंचवीस पोट्टे.

"वामन! कोनाचा आवाज हाय हा?"

एका पोट्ट्यानं भोंग्याचा खांब धरलाच होता. समोर उमरेडला जाणारी एसटी वळत होती, तिच्या पाटीवर माझी नजर गेली.

"दादाजी, हा तो नव्हे!" मी ओरडलो. "हा... हा उमरेडचा हाय! देवा निनावे! कोष्टी मानूस, मागावर बसून गाते!"

दादाजी थांबले. गाणं शेवटच्या ओळीवर आलं होतं. तो श्वास आला. दादाजींनी डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे पाहिलं. मी देवाला नारळ बोललो.

"तरीच," दादाजी म्हणाले. "तरीच म्हटलं, एवढा गोड कसा काय! छोड बे तो खांब." आणि माइक घेऊन त्यांनी जे भाषण ठोकलं! "पाहा आपल्या मातीतला हिरा! मागावर बसून गानारा आपला देवा निनावे! अन हे पुन्याचे लोक आपल्याले फोड म्हनते! मी विचारतो, कोनी कोनाची नक्कल केली?" टाळ्यांनी माझा अॅम्प्लिफायर हलला.

झालं. देवा निनावे जन्माला आला, त्याचं वय अंदाजे पस्तीस.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात रांग. लग्नाला निनावे पाहिजे, बारशाला निनावे पाहिजे. मी लोकांच्या तांदळाच्या डब्यांतून, मित्रांच्या पलंगाखालून, इतवारीच्या भंगारातून केळशीकरांचे वाचलेले तवे गोळा केले. माझी बायको शकुन कणकेची खळ करायची, तव्याच्या मधल्या नावावर गोल कागद चिकटवायची आणि सुंदर अक्षरात लिहायची, 'देवा निनावे, उमरेड'. लिहिता लिहिता एकदा म्हणाली, "आपल्याले दोन लेकरं हायेत, ते सांभाळनं नाही होऊन राहिलं, अन तुम्ही हा तिसरा उमरेडले पैदा करून ठेवला!"

पण हा तिसरा स्वतःच मोठा व्हायला लागला. उमरेडच्या गाडीचा कंडक्टर माझ्या दुकानात चहा पीत सांगू लागला, "मी तर रोज पाहतो न त्याले. माझ्याच गाडीनं येते-जाते. खिडकीजवळ बसते. कमी बोलते." मी त्याला दुसरा चहा सांगितला. एक बाई म्हणाल्या, माझं लुगडं त्यानंच विणलं, नेसलं की सूर लागतो. आणि रामदासपेठेतले एक दातांचे डॉक्टर, गाण्यातले मोठे दर्दी, त्यांनी तर कमाल केली. त्यांच्याकडे केळशीकरांचा एक तवा शाबूत होता, माझ्याकडून त्यांनी निनाव्याचा नेला. गाणं एकच, तवा एकच, फरक शकुनच्या कागदाचा! दोन्ही शेजारी शेजारी लावून त्यांनी महिनाभर अभ्यास केला आणि मला येऊन सांगितलं, "अहो, जमीन-अस्मानाचा फरक! केळशीकर गाताना तोंड पुरतं उघडत नाहीत. हा निनावे मागच्या दाढेपर्यंत उघडतो. मला ऐकू येतं ना!" हेच त्यांनी पेपरातही पत्र म्हणून पाठवलं. शेवटी लिहिलं, केळशीकरांनी एका गरीब विणकराचं गाणं चोरलं असावं असा दाट संशय येतो. ते छापून आलं तेव्हा मला हसू आवरेना.

मग एका सकाळी दादाजी दुकानात आले. बाकावर बसले आणि म्हणाले, "वामन, निनाव्याचा सत्कार कराचा. मोठा. पुढच्या रविवारी संध्याकाळी. घेऊन ये त्याले."

माझ्या हातातून पाना पडला. "दादाजी, तो लय लाजाळू हाय. लोकांसमोर नाही गात."

"मंग?"

"पडद्याआड गाते," मी म्हटलं. कोणत्या भुतानं मला हे सुचवलं कोण जाणे.

"मंग पडदा लावू न! त्यात काय एवढं? अन हे पाह्य," दादाजी उठले, मिशीवरून हात फिरवला, "नाही आला, तर लोकं मले विचारतीन, मी तुले विचारीन. अन भोंगे विहिरीत, हे मी एकदा बोललो हाय. मी बोललेलं मागं नाही घेत."

भोंगे म्हणजे माझी भाकर. चार रात्री डोळा लागला नाही. दादाजींनी सत्कारासाठी उमरेडच्या मागावरचं करवतकाठी उपरणं सांगून ठेवलं होतं, ते आणायलाही मलाच पाठवलं. म्हटलं, त्याच निमित्तानं एखादा गाणारा कोष्टी मिळतो का पाहू. उमरेडला विणकरांच्या गल्लीत गेलो तर अर्धी गल्ली निनाव्यांची! एकेकाला गायला लावलं. काय सांगू! एका म्हाताऱ्यानं तर हात जोडून सांगितलं, "बावा, इथं मागाचा खटखटाट एवढा, का आमी गायलो तरी आमचं आमाले ऐकू नाही येत. म्हनूनच गातो." उपरणं मात्र सुरेख होतं, टसरचं, काठाला करवतीचे बारीक दाते. ते घेऊन मी परत आलो आणि ठरवलं, पडद्याआड तवा लावायचा आणि देवावर हवाला ठेवायचा. तवा तीन मिनिटांचा, आणि सत्कार तासाचा. पुढचं पुढं.

शनिवारी दुपारी मी दुकानात माइकची तार जोडत होतो. उन्हाळा लागला होता आणि दारात एक ठेंगणा माणूस उभा, कानाला मफलर, डोक्यावर कानटोपी, घामानं निथळत. म्हणाला, "नमस्कार. देवा निनावे कुठे भेटतील?"

पाचच शब्द, पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दहा वर्षं रोज त्या आवाजाला उदबत्ती ओवाळली होती मी. चटका बसला तेव्हा कळलं, तारेला डाग द्यायची तापलेली सळई माझ्या अंगठ्यावर होती.

"बुवा... तुम्ही?"

"म्हणजे ओळखलंत," केळशीकर म्हणाले आणि मफलर काढून बाकावर टाकला. "पुण्यात लोक मला विचारतात, तुम्ही गाणं चोरलंत का. माझ्या मेहुण्यानं विचारलं! त्या विणकराला एकदा बघायचंय. बोलवा त्याला."

मी सगळं सांगून टाकलं. मैदान, सुई, एसटीची पाटी, शकुनची खळ. बुवांचा चेहरा आधी लाल झाला. "म्हणजे माझी चोरी मीच केली, असं म्हणता?" मग म्हणाले, "लावा बघू तुमचा निनावे." मी लावला. स्वतःचं गाणं मान खाली घालून ऐकलं त्यांनी. तवा थांबल्यावर हातात घेऊन कागदावरून बोट फिरवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"बायकोनं."

"अक्षर चांगलं आहे," म्हणाले आणि एकदम फुटलेच! असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी दातांच्या डॉक्टरची दाढ सांगितली तेव्हा तर बाकावरून खाली बसले.

हसून झाल्यावर मी धीर केला. म्हटलं, "बुवा, रागावू नका. पण तुम्ही आम्हाला फोड काहून म्हटलं?"

ते मफलरची दशी ओढू लागले. "खरं सांगू? गाण्याला टाळी पडते, तिची सवय झाली होती हो. त्या दिवशी बोलण्याला पडली. मला वाटलं, अजून एक वाक्य टाकावं. तेवढंच. विचार असा काही नव्हताच." मग म्हणाले, "चार महिने झाले, माझ्यासमोर ऐकायला माणूस बसलेला नाही. इथले कार्यक्रम तर गेलेच, तिकडेही लोक टाळतात. उद्या किती येतील?"

"पाच हजार तरी."

"मग तवा कशाला लावता? मी आहे की."

मी हातच जोडले. म्हटलं, बुवा, कळलं तर भोंगे विहिरीत जातील आणि भोंग्यांच्या मागोमाग आपण दोघं. पण गायला भुकेला माणूस ऐकतो का! रात्री आमच्याकडेच जेवले. शकुननं झुणका-भाकर वाढली. "थोडं वाढू का गा— वाढू का हो," अशी तिची जीभ गडबडली. बुवा म्हणाले, "वाढा, निनावे गरीब आहे, मिळेल ते खातो."

रविवारी संध्याकाळी मैदान तुडुंब. मंचावर अर्ध्या भागात जाड पडदा, आत एक सतरंजी, भजनी मंडळाची मागून आणलेली पेटी, माइक, मी आणि अॅम्प्लिफायर. बुवांना मी तासभर आधीच हातगाडीवर भोंग्यांच्या मधे ताडपत्रीखाली झाकून आणलं होतं. पडद्याबाहेर दादाजी आणि ढीगभर संत्री.

बुवांनी पेटीवर बोटं ठेवली. आणि सुरू झाले. काय गायले, काय गायले! तव्यात तीन मिनिटं असतात म्हणून गाणं आखडून घ्यावं लागतं. त्या दिवशी त्यांनी तो नावाडी असा मोकळा सोडला की नदी कुठे संपते तेच कळेना. श्वासाची ती जागा आली, बुवा थांबले आणि मैदानातल्या पाच हजार माणसांनी त्यांच्याबरोबर श्वास घेतला. मी भोंगेवाला आहे, मला आवाज मोजता येतो. तो श्वास मी ऐकलाय. मी रडलो, लाज कशाची.

गाणं संपलं आणि टाळ्या थांबेनात. पुढचं असं ठरलं होतं की मी पडद्याच्या फटीतून हात बाहेर काढायचा, उपरणं आत घ्यायचं आणि "निनावे लाजून राहिले" म्हणून सांगायचं. मी हात बाहेर काढला. उपरण्याऐवजी अख्खे दादाजी आत आले.

एका हातात उपरणं, एका हातात संत्रं. समोर सतरंजीवर केळशीकर. माइक चालू! मी आयुष्यात पहिल्यांदा चालू कार्यक्रमात आवाज बंद केला. बाहेर लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज!"

दादाजी बुवांकडे पाहत उभे. मग माझ्याकडे वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "भैताडा! मले वाटलं तू तवा लावशीन! मी तव्याले उपरनं घालाले आलो होतो. तीन मिनिटं झाले, म्हटलं आता खतम व्हाले पाह्यजे, तर गानं खतमच नाही होऊन राहिलं! तू तर मानूसच आनून बसवला!"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"वीस वर्सं ऐकतो मी याले! तो श्वास मले नाही ओळखू येनार?" दादाजींचा आवाज चिरकला. "पह्यल्याच दिवशी ओळखला. पन तू निनावे म्हनला, अन मले लागत होता न गा निनावे. तवे मी सोता फोडले. मंग ऐकू कसं?"

बुवा उठून उभे राहिले. हात जोडले, काहीतरी बोलणार होते. दादाजींनी त्यांना थांबवलं. संत्रं सोललं, एक फोड काढली आणि पुढे धरली. "काही बोलू नका. तुमी बोलले का गडबड होते. खा."

बुवांनी खाल्ली. बी थुंकायला जागा नव्हती, गिळली. "गोड आहे," म्हणाले. "चुकलो मी, दादाजी."

"हाय न गोड?" दादाजींनी उपरणं त्यांच्या हातात ठेवलं. खांद्यावर घातलं नाही, हातात ठेवलं. "हे निनाव्याचं हाय. तुमचं नाही. तुमाले कुठं भेटला, तर देऊन द्या."

आणि डोळे पुसून बाहेर गेले. मी आवाज सुरू केला. दादाजी माइकवर म्हणाले, "निनावे लाजाळू मानूस. गाऊन झालं अन उमरेडची गाडी धरून गेलासुद्धा!" लोक हळहळले. एवढ्यात गर्दीतून आमचा कंडक्टर ओरडला, "हो, हो! मी आत्ताच बसवून देलं त्याले! खिडकीजवळ!"

मग त्याच्या गाडीत त्या वेळी तिकिटं कोण फाडत होतं, हे त्याला कोणी विचारलं नाही.

पुढं बुवांनी पेपरात दोन ओळींची माफी छापली. राग ओसरला. वर्षा-दोन वर्षांनी ते स्वतःच्या नावानं नागपूरला आले, गायले. सभागृह भरलं होतं, पण लोक बाहेर पडताना मी कानांनी ऐकलं, "चांगलं गायले, पण निनाव्याची सर नाही." दातांचे डॉक्टर तर मध्येच उठून गेले. निनाव्याला पुन्हा कोणी पाहिलं नाही. कोणी म्हणालं मुंबईला गेला, कोणी म्हणालं संन्यास घेतला. लोकांना खरं सांगायचं पुष्कळदा मनात आलं, पण धीर झाला नाही. त्याचं थोडं वाईट वाटतं.

मग कॅसेटी आल्या, माझे तवे माळ्यावर गेले. ऐंशीनंतर कधीतरी, एका सकाळी, दादाजी काठी टेकत दुकानात आले. मिश्या पांढऱ्या, आवाज बसलेला, आता त्यांना खरंच माइक लागला असता. काखेत पेपर. बाकावर बसले.

"तवा लाव," म्हणाले.

"कोणाचा?"

"निनाव्याचा. गेला न गा तो काल."

मी माळ्यावरून मशीन उतरवलं. नवी सुई शोधली, उदबत्ती ओवाळली. शकुनचा कागद पिवळा पडला होता, पण खळ पक्की. नावाडी निघाला, खरखरत निघाला. तो श्वास आला आणि आम्ही दोघांनीही घेतला. तवा थांबल्यावर दादाजींनी पेपर उघडून माझ्यापुढे धरला. पहिल्या पानावर बुवांचा फोटो होता, कुठल्याशा मैफलीतला, पेटीवर हात, डोळे मिटलेले. खांद्यावर उपरणं. छपाई बेताची होती, पण काठावरचे करवतीचे दाते मोजता येत होते.

दादाजींनी त्या काठावर बोट ठेवलं, आणि मिशीत हसू, डोळ्यांत पाणी.

"पाह्य वामन! भेटला तर देऊन द्या म्हनलं होतं का नाही मी? नाही देलं गा त्यानं. सोताच पांघरून बसला जल्मभर."